मिशिगनमधल्या ‘चिनी गांधीलमाश्या’ आणि एका नकाशाचा गैरवापर

अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे आणि त्याला तांबड्या रंगाने भरलेला एक नकाशा जोडलेला आहे. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: अमेरिकी सरकारने चीनमधून ‘स्पॅथियस ॲग्रिली’ नावाच्या विषारी गांधीलमाश्या आणून मिशिगनमध्ये सोडल्या, त्या आता कॅनडापर्यंत संपूर्ण उत्तर भागात पसरल्या आहेत, त्या मुलांना चावतात आणि मधमाश्यांचा नाश करतात, ज्या भुंगेऱ्यासाठी त्या आणल्या तो उत्तरेतल्या थंडीत आपोआपच मरतो, सरकारने २०२१ मध्ये निर्बंध उठवले म्हणजे तो भुंगेरा संपलाच आहे, म्हणून उद्यानांतील झाडांवर टांगलेल्या लहान बाटल्या आणि ओंडके दिसतील तिथे उतरवून जाळून टाकावेत.

माझी धाकटी बहीण डेट्रॉइटच्या पश्चिमेला कॅन्टन येथे राहते. तिच्या वसाहतीतील काही पालकांनी हा संदेश वाचून जवळच्या उद्यानातील अशा बाटल्या काढून टाकण्याचे ठरवत आणले होते आणि त्यात सुशिक्षित, मुलांच्या काळजीने खरोखर अस्वस्थ झालेली माणसे होती. मी कीटकशास्त्र शिकलो आहे, म्हणून तिने मला विचारले. तिला फोनवर दिलेले उत्तर पुढे आणखी चार जणांना द्यावे लागले, तेव्हा ते एकदाच नीट लिहून काढणे मला भाग वाटले.

प्रथम हा भुंगेरा कोणता ते सांगणे आवश्यक आहे, कारण संदेशात त्याचा उल्लेख जेमतेम एका ओळीत आहे. ‘एमराल्ड ॲश बोरर’ हा चकचकीत हिरव्या रंगाचा, जेमतेम सव्वा सेंटिमीटर लांबीचा भुंगेरा मूळचा ईशान्य आशियातला, म्हणजे ईशान्य चीन, कोरिया आणि रशियाच्या अतिपूर्वेकडील प्रदेशातला आहे. २००२ च्या उन्हाळ्यात तो डेट्रॉइट परिसरात आणि नदीपलीकडे कॅनडातील विंडसर येथे सापडला. झाडांच्या वर्षवलयांचा अभ्यास केल्यावर तो १९९० च्या दशकातच, बहुधा मालवाहतुकीच्या लाकडी खोक्यांतून, कॅन्टन आणि वेस्टलँडच्या परिसरात येऊन पोचला असावा असे दिसून आले. त्याच्या अळ्या ॲश वृक्षाच्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात, त्यामुळे अन्नरस वाहून नेणारा थर तुटतो आणि धडधाकट झाड काही वर्षांत वाळते. आजवर कोट्यवधी ॲश वृक्ष यात गेले आहेत. उत्तर अमेरिकेतील ज्या अनिशिनाबे, मोहॉक आणि वाबानाकी या मूळनिवासी समाजांत काळ्या ॲशच्या लाकडाच्या पट्ट्यांपासून टोपल्या विणण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्यांच्या दृष्टीने हे केवळ सावलीची झाडे जाण्याइतके साधे नुकसान नाही. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने उत्तर अमेरिकेतील ॲशच्या पाच जाती अतिसंकटग्रस्त ठरवल्या, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळावे.

आता नकाशाकडे वळतो, कारण संपूर्ण संदेश त्याच्याच आधारावर उभा आहे आणि त्यातली चूक सर्वांत मोठी आहे. तो नकाशा बनावट नाही, एवढे मान्य करावे लागेल. भुंगेऱ्याविरुद्ध सोडलेल्या परोपजीवी कीटकांच्या, म्हणजे भुंगेऱ्याच्या अंड्यांत किंवा अळ्यांवर आपली अंडी घालून त्यांना मारणाऱ्या बारीक माश्यांच्या, नोंदी अमेरिकेत ठेवल्या जातात आणि कोणत्या काउंटीमध्ये (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) ते सोडले गेले हे त्या नोंदींवरून रंगवता येते. तीसपेक्षा अधिक राज्यांत असे कीटक सोडले गेले आहेत, ही गोष्टही खरी आहे. पण नकाशावर ‘सोडले’ असे लिहिलेले असताना संदेशात ते ‘पसरल्या’ असे वाचले गेले. एखाद्या काउंटीतील एका जंगलात काही शे कीटक एकदा सोडले की ती काउंटी रंगवली जाते आणि पुढल्या हिवाळ्यात त्यातला एकही कीटक वाचला नाही तरी तो रंग पुसला जात नाही. कीटक तिथे खरोखर वस्ती करून आहे असे म्हणायचे, तर सोडल्यानंतर किमान एक हिवाळा उलटून गेल्यावर, नव्याने सोडणे थांबलेले असताना, त्याची पुढची पिढी त्या झाडांवर सापडावी लागते. या दुसऱ्या प्रकारच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या जातात आणि त्यांचा नकाशा पुष्कळच विरळ असतो.

त्यातही ज्या जातीचे नाव घेऊन संदेश घाबरवतो, तिच्याच बाबतीत हे सर्वांत अधिक खरे आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने या भुंगेऱ्याविरुद्ध एकूण चार परोपजीवी जाती मंजूर केल्या. २००७ मध्ये मंजुरी मिळालेल्या पहिल्या तिन्ही चीनमधल्या होत्या: स्पॅथियस ॲग्रिली, टेट्रास्टिकस प्लॅनिपेनिसी आणि ओबियस ॲग्रिली. चौथी, स्पॅथियस गॅलिनी, रशियात व्लादिवोस्तोकच्या परिसरात मिळाली, तिला २०१२ मध्ये नाव मिळाले आणि २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. यांपैकी स्पॅथियस ॲग्रिली ही तिआनजिनच्या आसपासची, म्हणजे साधारण ३९ अंश उत्तर अक्षांशावरची. डेट्रॉइट ४२ अंशांच्या वर आहे. सुरुवातीच्या वर्षांत ही जात मिशिगनमध्ये सोडली गेली, पण ती तिथे टिकल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यामुळेच कृषी खात्याच्या मार्गदर्शिकेत ही जात फक्त ४० व्या अक्षांशाच्या दक्षिणेला सोडावी आणि उत्तरेसाठी व्लादिवोस्तोककडची स्पॅथियस गॅलिनी वापरावी, असे स्पष्ट म्हटलेले आहे. जे सरकार या ‘पसरलेल्या’ माश्यांबद्दल गप्प आहे असा संदेशाचा आरोप आहे, त्याच सरकारच्या प्रकाशित मार्गदर्शिकेत ती जात उत्तरेत जगत नाही म्हणून तिथे सोडू नये असे लिहिलेले असावे, आणि संदेश लिहिणाऱ्याने ते एकदाही उघडून पाहू नये, याचा मला राग येतो. तो संदेश वाचून निर्णय घेणारी माणसे माझ्या घरची आहेत.

अक्षांशाचे हे गणित केवळ ‘थंडी सोसते की नाही’ इतके सोपे नसून ते समजून घेण्यासारखे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. परोपजीवी कीटकाला जगण्यासाठी योग्य ऋतूत, योग्य वयाची अळी सालीखाली सापडावी लागते. उष्ण प्रदेशात हा भुंगेरा एका वर्षात आपले जीवनचक्र पूर्ण करतो. हिवाळा येईपर्यंत जवळजवळ सगळ्या अळ्या पूर्ण वाढून कोषावस्थेच्या तयारीत असतात आणि वसंतात बाहेर पडणाऱ्या परोपजीवी मादीला अंडी घालण्याजोगी कोवळी अळी मिळतच नाही. उत्तरेकडे थंडीमुळे अळीची वाढ मंदावते, अनेक भुंगेऱ्यांना दोन वर्षे लागतात आणि त्यामुळे वसंतात सालीखाली लहान-मोठ्या अशा वेगवेगळ्या वयाच्या अळ्या शिल्लक असतात. टेट्रास्टिकस ही जात उत्तरेकडच्या राज्यांत चांगली रुजली आणि दक्षिणेत फारशी रुजली नाही, याचे प्रमुख कारण हे मानले जाते. म्हणजे जी जात खरोखर उत्तरेत नांदते आहे ती तिथल्या थंडीमुळेच नांदते आणि संदेशात जिचे नाव आहे ती तिथे नाही. एकाच भुंगेऱ्यावर जगणाऱ्या चार जातींच्या वस्तीच्या सीमा इतक्या वेगवेगळ्या आहेत आणि त्या सगळ्यांवर एकच तांबडा रंग फासणे हे अज्ञान आहे.

आणखी एक मर्यादा अक्षांशाच्याही आधी येते. या चारही जाती ॲश पोखरणाऱ्या भुंगेऱ्यावर अवलंबून आहेत आणि तो भुंगेरा जवळजवळ संपूर्णपणे ॲश वृक्षांवर अवलंबून आहे. जिथे ॲश नाही तिथे भुंगेरा नाही, आणि जिथे भुंगेरा नाही तिथे या माश्यांची वस्ती होऊ शकत नाही. शिवाय टेट्रास्टिकसच्या मादीची अंडी घालण्याची नळी इतकी आखूड असते की सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा जाड सालीतून ती अळीपर्यंत पोचत नाही. त्यामुळे ती रोपांवर आणि मनगट-दंडाएवढ्या कोवळ्या झाडांवरच काम करते, आणि जुन्या मोठ्या झाडांच्या बुंध्यात ती आढळत नाही. स्पॅथियस गॅलिनीची नळी अधिक लांब असल्याने मोठ्या झाडांतील अळ्यांपर्यंत पोचण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवली गेली. कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि न्यू यॉर्क येथे ती रुजल्याचे कीटकशास्त्रज्ञ जियान दुआन यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केले आहे. कॅनडात २०१३ पासून हे कीटक सोडले जात आहेत आणि तिथेही जागा निवडून, नोंद ठेवून ते काम होते. ‘कॅनडापर्यंत संपूर्ण उत्तर भाग’ या शब्दप्रयोगाला यातल्या कशाचाही आधार नाही.

संदेशात रशियाचाही ओझरता उल्लेख आहे: ‘मॉस्कोतही याच माश्या पोचल्या’. मॉस्कोत पोचला तो भुंगेरा, २००३ च्या सुमारास, आणि तिथून तो युरोपीय रशियात दूरवर पसरून २०१९ मध्ये युक्रेनमध्ये आढळला. मॉस्कोतील भुंगेऱ्याच्या अळ्यांवर जी परोपजीवी माशी सापडली ती स्पॅथियस पोलोनिकस, म्हणजे युरोपातलीच स्थानिक जात होती. कोणी ती आणली नव्हती. या नव्या भक्ष्याकडे ती आपण होऊन वळली होती. मिशिगनमध्येही अटॅनिकोलस वंशाच्या स्थानिक माश्यांनी हेच केले आहे. नावात ‘स्पॅथियस’ दिसले की सगळे एकच, असे समजणाऱ्याने या विषयावर लोकांना सूचना देऊ नयेत.

मुलांना चावण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ओबियस सुमारे १ मिलिमीटर लांब असते, टेट्रास्टिकस ३ ते ४ मिलिमीटर, आणि स्पॅथियसच्या दोन्ही जाती याहून फार मोठ्या नाहीत. आपल्या घराच्या वळचणीला पोळे करणाऱ्या गांधीलमाशीशी यांचे नाते दूरचे आहे. या पोळे करत नाहीत, वसाहत करून राहत नाहीत आणि माणसाला दंश करत नाहीत. त्यांची टोकदार नळी सालीतून किंवा भुंगेऱ्याच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालण्यासाठी असते. महाराष्ट्रातील ऊस किंवा कापूस उत्पादकांना हे चटकन समजेल, कारण शेतात लावली जाणारी ट्रायकोकार्ड म्हणजे अशाच, किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा नावाच्या सूक्ष्म परोपजीवी कीटकांची कार्डे असतात आणि ती पानांना लावणाऱ्या शेतमजुरांना त्यांनी चावल्याचे कोणी ऐकलेले नाही.

मधमाश्यांच्या मुद्द्यात मात्र एक अर्धसत्य दडलेले आहे आणि ते नाइलाजाने मान्य केले पाहिजे. मधमाश्यांशी या कीटकांचा काहीही संबंध नाही, कारण ते लाकूड किंवा साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांवर वाढतात. पण बाहेरचे कीटक आणल्याने इतर निरुपद्रवी जीवांचे नुकसान होऊ शकते ही शंका निराधार नाही. १९०६ मध्ये जिप्सी मॉथ या पतंगाविरुद्ध युरोपातून आणलेली कॉम्प्सिल्युरा नावाची परोपजीवी माशी अमेरिकेतील सेक्रोपियासारख्या मोठ्या देखण्या रेशमी पतंगांच्या अळ्यांवरही तुटून पडली आणि ईशान्येकडील राज्यांत त्यांच्या ऱ्हासाला ती कारणीभूत ठरल्याचे पुढे दाखवून दिले गेले. त्या काळी तपासणी न करता कीटक सोडले जात. आजच्या चार जातींची मंजुरीपूर्वी इतर कीटकांवर चाचणी झाली, आणि प्रयोगशाळेत त्यांपैकी काहींनी ॲश बोररच्या जवळच्या नात्यातील इतर काही भुंगेऱ्यांवर किंवा त्यांच्या अंड्यांवर मर्यादित प्रमाणात हल्ला केल्याचेही आढळले. हे लपवून ठेवलेले नाही, प्रसिद्ध केलेले आहे. कोट्यवधी झाडे एका बाजूला आणि जवळच्या नात्यातल्या भुंगेऱ्यांना असलेला हा मर्यादित धोका दुसऱ्या बाजूला ठेवल्यावर मंजुरी देणे मला योग्य वाटते. कोणाला तसे वाटत नसेल तर त्यावर सभ्यपणे वाद घालता येईल, परंतु मधमाश्यांचे नाव पुढे करून भीती घालणे हा त्या वादाचा भाग होऊ शकत नाही.

‘भुंगेरा थंडीत आपोआप मरतो’ यातही थोडे तथ्य आहे आणि ते फारच थोडे आहे. अतिथंड हिवाळ्यात काही अळ्या नक्कीच मरतात. मात्र शरीरातील द्रव न गोठवता सुमारे उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरण्याची क्षमता या अळ्यांमध्ये आढळली आहे, सालीखालचे तापमान बाहेरच्या हवेइतके खाली जात नाही, आणि २०१७ मध्ये हा भुंगेरा कॅनडातील विनिपेगमध्ये सापडला, जिथला हिवाळा मिशिगनच्या मानाने कितीतरी कडक असतो. विनिपेगमधल्या अळ्या दक्षिण ऑन्टारियोतल्या अळ्यांहून अधिक थंडी सोसतात असेही दिसून आले आहे. थंडीवर भरवसा ठेवून बसण्याचा सल्ला देणाऱ्याने हे आधी पाहावे.

निर्बंध उठवल्याची बातमी खरी आहे, पण तिचा अर्थ उलटा लावला आहे. १४ जानेवारी २०२१ पासून अमेरिकी कृषी खात्याने या भुंगेऱ्यासाठी लागू असलेले देशांतर्गत वाहतूक निर्बंध काढून घेतले. त्याचे कारण भुंगेरा संपला हे नव्हते. तो इतक्या राज्यांत पोचला होता की सीमेवर अडवण्यात अर्थ उरला नव्हता, आणि तो पैसा व मनुष्यबळ याच परोपजीवी कीटकांच्या कामाकडे वळवायचे ठरले होते. पुढच्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, तो भुंगेरा ओरेगॉनमध्ये, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला सापडला. निर्बंध नाहीत म्हणून कॅम्पिंगला जाताना घरच्या वाळलेल्या ॲशचे सरपण गाडीत भरून नेणे आजही चूकच आहे, कारण हा भुंगेरा स्वतः उडून जितका दूर जातो त्यापेक्षा फार दूर तो अशा सरपणातून गेलेला आहे.

राहिला बाटल्या आणि ओंडके जाळण्याचा मुद्दा, आणि संदेशातला सर्वांत घातक मुद्दा तोच आहे. ॲशच्या खोडाला टांगलेली औषधाच्या बाटलीसारखी, तोंडाला जाळी लावलेली लहान बाटली ही बहुधा ओबियससाठी असते. तिच्या आत परोपजीवी कीटक वाढत असलेली भुंगेऱ्याची अंडी असतात आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या माद्या जाळीतून निघून सालीच्या भेगांत भुंगेऱ्याची ताजी अंडी शोधतात. टांगलेला ओंडका असेल तर त्याच्या सालीखालच्या अळ्यांमध्ये बहुधा टेट्रास्टिकसची पिल्ले वाढत असतात. हे सारे कीटक मिशिगनमधील ब्रायटन येथे कृषी खात्याच्या केंद्रात भुंगेऱ्याच्याच अंड्यांवर आणि अळ्यांवर वाढवावे लागतात, म्हणजे आधी भुंगेरे पाळावे लागतात, त्यांच्यासाठी ॲशची पाने आणि ओंडके आणावे लागतात, आणि मग कुठे ही बाटली तयार होते. उद्यानातली एक बाटली जाळली की त्या जागेवरचा त्या मोसमातला सगळा प्रयत्न जातो, आणि रुजण्याची शक्यता मुळातच अनिश्चित असलेल्या जातीच्या बाबतीत ती जागा कायमची गमावलेली असू शकते. मिशिगनमधल्या जंगलांत मोठे ॲश मरून गेल्यावर जी कोवळी रोपे उगवली, त्यांना वाचवण्यात टेट्रास्टिकसचा वाटा आहे असे तिथल्या दीर्घकालीन निरीक्षणांतून दिसले आहे. त्या रोपांशिवाय तिथे ॲशची पुढची पिढी येणार नाही. म्हणून अशी बाटली दिसली तर तिला हात लावू नये, मुलांना ती दाखवून काय आहे ते सांगावे, आणि शंका असेल तर उद्यानाच्या कार्यालयात किंवा मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या विस्तार विभागात विचारावे.

या कीटकांकडून अंगणातला मोठा ॲश वाचेल अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये. त्यासाठी वेगळा उपाय आहे. प्रशिक्षित व्यावसायिकाकडून खोडात इमामेक्टिन बेंझोएट या कीटकनाशकाचे इंजेक्शन द्यावे लागते, ते पालवी फुटल्यानंतर वसंताच्या अखेरीस किंवा उन्हाळ्याच्या आरंभी देतात आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. गांधीलमाश्या मारण्याचा बाजारातला फवारा खोडावर मारून सालीखालच्या अळ्यांना काहीही होत नाही. झाडाच्या शेंड्याचा निम्म्याहून अधिक भाग वाळला असेल तर इंजेक्शनवर खर्च करण्यात अर्थ नसतो, आणि असे झाड ठिसूळ होऊन अचानक मोडत असल्याने ते वेळीच उतरवून घेतलेले बरे.